खान्देशच्या उन्हात इंग्लिश गुलाब: रोप निवडण्यापासून छाट कलमापर्यंत

इंग्लिश गुलाब खान्देशात येतो आणि चांगला येतो. फक्त त्याच्याबरोबर आलेलं इंग्लंडचं वेळापत्रक बाजूला ठेवावं लागतं. तिकडे झाड हिवाळाभर झोपतं, थंडी सरत आली की छाटणी होते आणि जूनमध्ये पहिला मोठा बहर येतो. तिथला जून म्हणजे दिवसा विशीच्या घरातलं तापमान आणि रात्री दहा-बारा अंश. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं हवामान डिसेंबर-जानेवारीत असतं. दिवसा २८-३० अंश, पहाटे ११-१२, कधी त्याहून खाली. म्हणजे या झाडाचा जून आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात येतो आणि त्याच्या झोपेचे दिवस आपल्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांला टेकलेला असताना.

वर्षाची सगळी आखणी यावरूनच होते. छाटणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, फुलं मार्गशीर्षापासून होळीपर्यंत, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत झाड फक्त जगवायचं, पावसाळ्यात ते सडू द्यायचं नाही. मे महिन्यात वाटीएवढं फूल हवं असा हट्ट धरणाऱ्यांची झाडं मरतात. मे महिना सोडून दिला की तीच झाडं वर्षानुवर्षं टिकतात.

जात कोणती घ्यायची

डेव्हिड ऑस्टिन (१९२६-२०१८) यांनी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात जुन्या गॅलिका आणि डमास्क गुलाबांचा संकर आधुनिक गुलाबांशी केला, त्यातून आले ते इंग्लिश गुलाब. जुन्यांकडून पाकळ्यांनी गच्च भरलेलं वाटीदार फूल आणि सुगंध घेतला, नव्यांकडून पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण. त्यांची पहिली जात ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ १९६१ सालची. ती वर्षातून एकदाच फुलते आणि तिच्या आईबापांपैकी एक गॅलिका आहे. गॅलिकांना नीट फुलायला खरी थंडी लागते, म्हणून या जातीच्या वाट्याला आपण जाऊ नये. १९८३ साली आलेल्या पिवळ्या ‘ग्रॅहम थॉमस’ने या गुलाबांना जगभर ओळख मिळवून दिली.

उष्ण प्रदेशासाठी जात निवडताना आधी बघायचं ते पुन्हा फुलण्याचं सातत्य. मग पाकळीची जाडी आणि शेवटी रंग. ‘गोल्डन सेलिब्रेशन’, ‘अब्राहम डार्बी’ आणि ‘लेडी ऑफ शॅलॉट’ या तिघींपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. तिन्ही जोमदार वाढतात. पिवळ्या आणि जर्दाळू छटा उन्हात फिक्या पडल्या तरी फिकेपणातही देखण्या दिसतात. गुलाबी हवा असेल तर ‘मेरी रोझ’ किंवा ‘प्रिन्सेस अलेक्झांड्रा ऑफ केंट’. ‘हेरिटेज’चं फूल सुरेख असतं, पण पाकळ्या पटकन गळतात, त्यामुळे फुलदाणीसाठी ती नको. ‘द प्रिन्स’सारख्या गडद किरमिजी जाती ऊन शोषून घेतात आणि पाकळ्यांच्या कडा करपून काळ्या पडतात. त्या घ्यायच्याच असतील तर दुपारची सावली जिथे नक्की मिळते तिथेच लावाव्यात.

इंग्लंडच्या कॅटलॉगमध्ये उंची चार फूट लिहिली असेल, तर इथे ती सहा-आठ फूट धरून चाला. आपल्याकडे झाडाला झोपवणारा बर्फ नाही, त्यामुळे लांबलचक फांद्या सुटतात. दोन झाडांत निदान चार-पाच फूट अंतर ठेवा.

रोप बघताना

नर्सरीत फुललेलं रोप बघून भुलू नये. बुडाकडे वाकून बघायचं. कलमाचा जोड पूर्ण भरलेला हवा आणि जोडाच्या वरून निदान दोन-तीन पेन्सिलएवढ्या जाड फांद्या निघालेल्या हव्यात. खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलंय ते, कोणता आहे ते विचारा. मल्टिफ्लोरा खुंटावरची रोपं चुनखडीच्या जमिनीत लवकर पिवळी पडतात आणि आपल्या बहुतेक जमिनी त्याच प्रकारच्या आहेत. इंडिका किंवा नेटाल ब्रायर खुंटावरचं रोप मिळालं तर ते घ्यावं.

इंग्लिश गुलाब म्हणून गावोगाव विकल्या जाणाऱ्या रोपांत नावांचा गोंधळ फार असतो. नुसतं ‘डेव्हिड ऑस्टिन, पिंक’ असं लेबल असेल तर त्यावर जादा पैसे घालू नयेत. नाव ठाऊक असलेलं मातृझाड दाखवणारी नर्सरी शोधावी.

लागवडीचा काळ ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर. फेब्रुवारीनंतर आणलेलं रोप मुळं धरण्याआधीच उन्हाळ्यात सापडतं. कोणी मार्चमध्ये भेट दिलंच तर ते पिशवीतच, सावलीत, पावसाळा सरेपर्यंत सांभाळा.

जागा

सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारी दोननंतर सावली, अशी जागा सर्वांत उत्तम. घराची पूर्व बाजू त्यासाठी सोयीची. पश्चिमेच्या भिंतीलगत लावू नये, कारण ती भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. मोकळ्या जागेत पश्चिमेला आठ-दहा फुटांवर शेवगा लावला तर त्याची विरळ सावली गुलाबाला मानवते. कडुलिंबाच्या झाडाखाली मात्र नको, त्याची मुळं ओलावा पळवतात.

शेताच्या कडेला बाग असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. शेजारी तणनाशक फवारताना २,४-डी चा तुषार वाऱ्याने आला की गुलाबाची कोवळी पानं दोरीसारखी अरुंद होतात आणि पिळवटतात. ते रोग समजून औषधं मारू नका. शेजाऱ्याशी बोलून वाऱ्याची दिशा बघून फवारणी करायला सांगा.

माती: खरं काम इथेच आहे

तापीकाठची काळी कसदार जमीन केळी आणि कपाशीला सोनं आहे, गुलाबाला तिच्यात दोन अडचणी येतात. एक, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात चुनखडी असते, सामू (पीएच, जितका कमी तितकी माती आंबट) आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. गुलाबाला साडेसहा ते सात मानवतो. सामू वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

याची खूण नवीन पानावर दिसते. शेंड्याकडचं कोवळं पान उजेडासमोर धरून बघा. शिरा हिरव्यागार आणि मधली जागा पिवळी, जणू हिरव्या रेघांची जाळी काढलेली. जुनी खालची पानं हिरवी आणि वरची नवी पिवळी असतील तर लोहाची कमतरता. खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, बहुधा नत्र कमी किंवा पाणी जास्त.

काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात हलकी माती भरायचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडे तो घातक ठरतो. चहूबाजूंचं पावसाचं पाणी झिरपून त्या खड्ड्यात साचतं आणि मुळं कुजतात. त्याऐवजी गादीवाफा करा. तीन फूट रुंद आणि फूटभर उंच. वरच्या थरातली काळी माती दोन भाग, नदीकाठचा पोयटा एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग. प्रत्येक झाडाच्या जागी २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर वाळवी हमखास लागते. हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा.

तीन गोष्टी या मातीत घालू नयेत: चुलीची राख, अंड्याची टरफलं आणि हाडांचा चुरा. घरोघरी गुलाबाला हेच घातलं जातं. राख आणि टरफलं सामू आणखी वाढवतात. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद सातच्या वरच्या सामूत विरघळत नाही, ते मातीत नुसतं पडून राहतं. आंबट मातीच्या प्रदेशासाठी हे उपाय बरे, खान्देशासाठी नाहीत.

लोहाची कमतरता दिसली तर तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. टिकाऊ उपाय हवा असेल तर मातीतून चिलेटेड लोह द्या, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघून. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ प्रकारचं लोह इतक्या वरच्या सामूत मातीत टिकत नाही, ते फवारणीलाच वापरावं. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट निवडा, त्याने मुळांजवळची माती थोडी आंबट होते. एकदा मातीची तपासणी करून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात ती होते आणि नंतरचा बराच खर्च वाचतो.

कुंडीत लावणाऱ्यांनी निदान सोळा इंची कुंडी घ्यावी, मातीची किंवा फिक्या रंगाची. काळी प्लास्टिकची कुंडी मे महिन्यात बाहेरून हात लावता येणार नाही इतकी तापते आणि कडेची पांढरी मुळं भाजून निघतात. तीच असेल तर मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाचा काथ्या भरा.

लावणी

इंग्लंडमध्ये कलमाचा जोड मातीखाली दोन इंच गाडतात, बर्फापासून वाचवायला. आपल्याकडे तो मातीच्या वर दोन इंच राहिला पाहिजे. गाडला तर ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच शिरतात. पिशवी फाडताना मातीचा गोळा फोडू नये. लावल्यावर भरपूर पाणी, मग आठवडाभर दुपारची आडोशाची सावली. पहिले दोन महिने कळ्या खुडून टाका. जीव कासावीस होतो, पण या काळात झाडाने मुळं वाढवायला हवीत.

वाफ्यावर चार इंच आच्छादन हवंच. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, तुकडे करून पसरावीत. उसाचं पाचट, गव्हाचा भुसाही चालतो. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका, चार बोटं मोकळी ठेवा.

छाटणी

काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी केली तर नवे फुटवे ऑक्टोबर हीटमध्ये कोमेजतात. छाटल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत फूल येतं, म्हणजे पहिला बहर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात थंडीच्या सुरुवातीला सापडतो.

हायब्रीड टी (बाजारातला लांब दांड्याचा) गुलाब जसा गुडघ्याएवढा खाली आणतात तसा हा आणू नये. उंचीचा एक तृतीयांश, फार तर निम्मा भाग काढायचा. पहिल्यांदा वाळलेल्या, मग आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. नंतर राहिलेल्या फांद्यांवर बाहेर तोंड असलेला डोळा (जिथून नवा फुटवा निघतो तो फुगीर ठिपका) शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. कापलेल्या टोकाकडे नीट बघा. आतला गाभा पांढरा किंवा फिका हिरवा असेल तर फांदी निरोगी. तपकिरी असेल तर आणखी एक डोळा खाली या, पांढरा गाभा लागेपर्यंत. हा तपकिरी रंग म्हणजे शेंडेमर, ती आत ठेवली तर खाली उतरत जाते. जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

लांबच लांब सुटलेल्या फांद्या छाटण्याऐवजी वाकवायचं तंत्र आपल्या हवेत विलक्षण उपयोगी पडतं. सहा-सात फुटांची ताठ फांदी फक्त टोकाला फूल देते, कारण शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी हळूहळू आडवी करून खुंटीला सुतळीने बांधली की प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो आणि प्रत्येक फुटव्यावर फूल. एका झटक्यात वाकवली तर बुडाशी मोडते. दुपारी, फांदी थोडी लवचीक असताना, आठवडाभरात तीन-चार टप्प्यांत खाली आणा. ‘ग्रॅहम थॉमस’ आणि ‘गोल्डन सेलिब्रेशन’ यांच्यावर हे करून बघाच.

जोडाच्या खालून निघालेला फुटवा खुंटाचा असतो. तो कापू नये, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढावा. जोडाच्या वर, बुडातून येणारा जाड लालसर फुटवा मात्र जपायचा, पुढची फुलं त्याच्यावर येणार असतात.

थंडीचे महिने

छाटणीनंतर झाडाला पाच किलो कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. फुटवे दोन-तीन इंचांचे झाले की दर दहा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला २-३ ग्रॅम मुळांशी. कळी वाटाण्याएवढी दिसली की ०:०:५० (फक्त पालाश) त्याच प्रमाणात. महिन्यातून एकदा २०-२५ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ओल्या मातीवर. फेब्रुवारीअखेर खतं बंद.

फुलून गेलेलं फूल पाच पानी पानाच्या वर कापत राहा, म्हणजे जानेवारीअखेर दुसरा बहर मिळतो. मार्चमध्ये येणारी फुलं लहान आणि विरळ पाकळ्यांची असतील. त्यात झाडाचा दोष नाही, उष्णतेत कळीला भरायला वेळच मिळत नाही.

फुलं कापायची ती पहाटे, निम्मी उमलल्यावर. घट्ट कळी कापली तर ती घरात उमलत नाही.

या दिवसांत मावा आणि भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा रोग) येते. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३२ च्या वर असेल त्या दिवशी नको, पानं भाजतात. कळी अर्धवट उघडून तपकिरी होत असेल तर ती पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळट जीव पळताना दिसले की फुलकिडे. अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका आणि १५०० पीपीएमचं निंबोळी अर्क लिटरला ५ मिली, संध्याकाळी. कपाशी शेजारी असेल तर यावर आणखी लक्ष हवं.

उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून डोक्यावर ५० टक्क्यांची शेडनेट. झाडापासून निदान दोन फूट वर, बाजू मोकळ्या, फक्त पश्चिमेला खाली सोडलेली. गुंडाळलेल्या नेटमध्ये वारा कोंडतो आणि लाल कोळी मातते.

पाण्याचं गणित असं: जमिनीतल्या मोठ्या झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर बुंध्यापासून वीतभर अंतरावर, मे महिन्यात रोज तासभर, थंडीत एक दिवसाआड. तरी अंतिम निर्णय बोटाचा. आच्छादन सारून दोन इंच बोट घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. काळी माती वरून सुकलेली दिसते आणि आत चिकट ओली असते.

पाणी पहाटेच द्यावं. जळगावने ठिबक घरोघरी नेलं, पण ठिबकची काळी नळी दुपारी उन्हात पडलेली असते आणि तिच्यातलं पहिलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. नळी आच्छादनाखाली दाबा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात. ती दिसली की महिन्यातून एकदा तळातून भरपूर वाहून जाईपर्यंत पाणी द्या, म्हणजे क्षार धुतले जातात. कुंड्यांना साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

या काळात छाटणी नको आणि खतही नको. येणारी कळी हरभऱ्याएवढी असतानाच खुडा. पानांना मात्र हात लावू नका, अगदी मळकट दिसली तरी, कारण फांदीची साल त्यांच्याच सावलीत वाचते. उघडी पडलेली फांदी पश्चिमेकडून भाजते आणि तिथून शेंडेमर सुरू होते. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वरून पिवळे ठिपके दिसले तर लाल कोळी. सकाळी सकाळी खालून पाण्याचा फवारा, आठवड्यातून दोनदा.

मेअखेर बरीचशी पानं गळून झाड वाळल्यासारखं दिसतं. उपटायच्या आधी नखाने फांदीची साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे, पाणी निम्मं करा आणि वाट बघा. मृगाच्या सरी आल्या की त्याच फांद्यांवर डोळे फुगतात.

पावसाळा

पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी लिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात आणि गुलाबाची पानं रात्रीतून चाळणी करतात. कंदील किंवा दिव्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याची पाटी ठेवून ते गोळा करावेत. गावातल्या सगळ्यांनी मिळून केलं तर पुढच्या अळ्याही कमी होतात.

गच्च पाकळ्यांची कळी पावसात भिजली की बाहेरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि फूल न उमलताच कुजतं. म्हणून पावसाळ्यातही बहुतेक कळ्या खुडलेल्या बऱ्या. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना पाणी निघायला चर हवा. शेडनेट काढून टाका. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढली तर चिखलाचे शिंतोडे बसत नाहीत आणि काळ्या ठिपक्यांचा करपा कमी येतो. तरीही ठिपके दिसले तर गळलेली पानं वेचून जाळा आणि मॅन्कोझेब लिटरला २ ते २.५ ग्रॅम, उघडीप बघून.

छाट कलमं करायची तर श्रावणात, कानबाईच्या दिवसांत. हवेत ओल असते आणि ऊन मऊ असतं. नुकतंच फुलून गेलेल्या फांदीचा पेन्सिलएवढा जाड, सहा इंची तुकडा घ्या, वरची दोन पानं ठेवा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील इतकं खोचा आणि सावलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. अशी स्वतःच्या मुळांवरची रोपं पहिल्या वर्षी हळू वाढतात, आणि चुनखडीच्या जमिनीत प्रत्येक जात स्वतःच्या मुळांवर तगेलच असं नाही. म्हणून ती पहिला उन्हाळा कुंडीत काढू द्या आणि पुढच्या दिवाळीनंतर जमिनीत हलवा. नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो, त्यांची रोपं परवान्याशिवाय विक्रीसाठी करू नयेत.